पान उलटणाऱ्या अनोळखी हातास

स. न. वि. वि.

तुमचं नाव मला माहीत नाही, चेहराही नाही. पण तुमचं बोट मी पाहिलंय. एका जुन्या प्रवासवर्णनाची स्कॅन केलेली प्रत वर्गात पडद्यावर लावली होती. पान पुढे सरकवलं, तर कडेला, मजकुराला अगदी खेटून, रबरी टोपी घातलेलं बोटाचं टोक. मुलं खो खो हसली. एकीने विचारलं, "बाई, हे कुणाचं?" त्या दिवशीचा तास तिथेच भरकटला आणि बरंच झालं म्हणायचं. तोवर मुलांची, खरं सांगायचं तर माझीही, समजूत अशी की पुस्तकं इंटरनेटवर आपोआप उगवतात.

मग तुमचं काम कसं चालतं ते शोधून वाचलं. जुनी पुस्तकं स्कॅन करून इंटरनेटवर ठेवणाऱ्या तुमच्या इंटरनेट आर्काइव्ह या संस्थेत पुस्तक पाळण्यासारख्या खाचेत अर्धवट उघडं ठेवतात, म्हणजे बांधणीवर ताण येत नाही. पायाने पट्टी दाबली की काच वर जाते, पान हाताने उलटायचं, काच पुन्हा पानांवर येते आणि दोन कॅमेरे दोन पानं टिपतात. पुन्हा पट्टी, पुन्हा काच. चारशे पानांचं पुस्तक असेल तर दोनशे वेळा. मी वर्गात एकच नकाशा चार वेळा गुंडाळला तरी वैतागते.

हे पत्र संग्रहालयांत बसून चित्राखालच्या नोंदी लिहिणाऱ्यांनाही वाचून दाखवा. त्यांचं देणं तर वेगळंच आहे. कोलंबसचं ते प्रसिद्ध चित्र, काळी टोपी, गंभीर चेहरा, मी कितीतरी वर्षं 'हा कोलंबस' म्हणून दाखवत आले. एकदा त्याची मोठी, स्वच्छ प्रत हवी म्हणून न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमच्या नोंदीपर्यंत पोचले. चित्रकार सेबास्टियानो देल पिओम्बो, साल १५१९. आणि शीर्षक काय, तर 'एका पुरुषाचं चित्र, हा कोलंबस असल्याचं म्हणतात'. कोलंबस वारला १५०६ मध्ये!

दुसऱ्या दिवशी मी काही शिकवलं नाही. चित्र लावलं, शेजारी नोंदीतलं साल लिहिलं आणि कोलंबसच्या मृत्यूचं साल फळ्यावर. थोडा वेळ सगळे गप्प. मग मागच्या बाकावरून आवाज आला, "मेलेला माणूस समोर बसला कसा?" त्यानंतर मला बोलावंच लागलं नाही. मग चित्राच्या वरच्या बाजूला कोलंबसचं नाव कुणी लिहिलं? कधी? चित्रावरच्या लेखावर पुरता भरवसा ठेवता येत नाही, असं संग्रहालय स्वतःच सांगतं. इतक्या मोठ्या संस्थेने आपल्याच भिंतीवरच्या चित्राबद्दल 'म्हणतात' लिहावं, याचं मुलांना फार नवल वाटलं. तो एक शब्द लिहिणाऱ्याला माझा साष्टांग नमस्कार. आधीच्या तुकड्यांची मात्र माफी मागायची राहिली आहे.

नोंदी लिहिणारे मापंही लिहितात, त्याचेही आभार. ब्रिटिश म्युझियममध्ये १३१२३६ क्रमांकाची मातीची, लेख कोरलेली पाटी आहे. आजच्या इराकमधल्या प्राचीन उर शहरातली, इसवी सनापूर्वी साधारण १७५० ची. नन्नी नावाच्या गिऱ्हाइकाने एआ-नासिर या व्यापाऱ्याला तांबं हलकं दिल्याबद्दल अक्कादी या तिथल्या प्राचीन भाषेत झाडलंय. पडद्यावर ती शिलालेखाएवढी भव्य दिसते. नोंदीत उंची ११.६ सेंटिमीटर, रुंदी ५. मुलांनी त्या मापाचा पुठ्ठा कापला तर तो तळहातावर मावला. एवढ्याशा जागेत दोन्ही बाजूंनी भरून एवढा राग! एकाने लगेच मुद्दा काढला, की ही फक्त नन्नीची बाजू झाली. मग अर्ध्या वर्गाने एआ-नासिरचं वकीलपत्र घेतलं. आमचा निकाल अजून लागलेला नाही.

आणखी एक गोष्ट, वरवर रुक्ष वाटेल अशी. शिक्षकाला धास्ती असते ती परवानगीची. हे चित्र प्रश्नपत्रिकेत टाकलं तर चालेल का, कुणाला विचारायचं? मेट्रोपॉलिटनने २०१७ मध्ये पावणेचार लाखांच्या आसपास चित्रं कसल्याही अटीशिवाय खुली केली, अमेरिकेतल्याच स्मिथसोनियन या संग्रहालयांच्या संस्थेने २०२० मध्ये अठ्ठावीस लाख. चित्राखाली परवान्याची ती बारीक ओळ दिसली की मी निर्धास्त होते.

फुकट मिळणारं सगळंच मला आवडतं असं नाही. तयार कार्यपत्रिकांचे ढीगच्या ढीग आहेत, शेवटी उत्तरंही छापलेली. त्यात इतिहास कमी आणि गाळलेल्या जागा जास्त. स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या मंडळींनी तयार केलेले पाठ त्याला अपवाद. ते एका घटनेवरची एकमेकांना छेद देणारी दोन-तीन कागदपत्रं पुढ्यात टाकतात आणि बाजूला होतात. भाषांतर मलाच करावं लागतं, त्यात रात्री जातात. पण ते काम आवडीचं आहे.

तक्रार एकच. रात्री जागून पाठ बांधावा आणि सकाळी वर्गात त्या दुव्यावर 'पान सापडत नाही' यावं, असं दोनदा झालं. एकदा तर पाहुणे तपासणीला बसले होते. तेव्हापासून सगळं आधी उतरवून घेते. गायब झालेलं एक पान पुढे वेबॅक मशीनमध्ये, म्हणजे इंटरनेट आर्काइव्हने जपलेल्या जुन्या वेबपानांच्या साठ्यात मिळालं, म्हणजे पुन्हा तुमच्याच घरी. स्कॅनमधली अक्षरं ओळखणारं यंत्र जुन्या इंग्रजी छपाईतला, 'एफ'सारखा दिसणारा लांब 'एस' हटकून 'एफ' वाचतं, त्याबद्दल मात्र तक्रार नाही. त्या चुका शोधण्याची मुलांमध्ये शर्यत लागते.

एक विनंती आहे. त्या बोटाच्या पानाबद्दल कुणी कळवलं आणि ते पुन्हा स्कॅन करायचं ठरलं, तर जुनी प्रतही असू द्या. पुढच्या वर्षीच्या वर्गाला मला ते बोट दाखवायचं आहे.

कळावे, लोभ असावा.

आपली,
एक इतिहासशिक्षिका