आई, तो डाग कपाटाचा नव्हता

तीर्थरूप आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

फोनवर पडण्याचा विषय काढला की आई, तू दुसरंच काहीतरी सुरू करतेस, आणि बाबा, तुम्ही 'बरं बरं' म्हणत फोन तिच्याकडे देता. कागदाला विषय बदलता येत नाही, म्हणून लिहितेय.

आई, कोपरावरचा तो काळानिळा डाग कपाट लागून झाला, असं तू मला पंधरा दिवस सांगत होतीस. परवा बाबांच्या तोंडून खरं निसटलं. पहाटे तीनला उठलीस, बाबांची झोपमोड नको म्हणून दिवा लावला नाहीस आणि बाथरूमच्या दारातल्या पायपुसण्यात पाय अडकून पडलीस. ते पायपुसणं मीच आणलेलं! पाय कोरडे राहावेत, घसरायला होऊ नये म्हणून. खाली रबर आहे का, कड वर उचलली जाते का, काही पाहिलं नव्हतं; रंग छान होता. त्यामुळे रागवायचा हक्क माझ्याकडे अर्धाच उरलाय, आणि तो मी तू लपवलंस त्यावर खर्च करणार आहे.

पण मला पायपुसण्यापेक्षा जास्त काळजी 'तीन वाजता'ची आहे. झोपेतून ताडकन उभं राहिलं की रक्त पायांकडे उतरतं. तरुण शरीर शिरा आवळून, हृदयाचे ठोके वाढवून काही क्षणांत सावरतं. वय झालं की त्याला उशीर होतो, आणि तेवढ्यात डोळ्यांपुढे अंधारी येते. उभं राहिल्यावर तीन मिनिटांच्या आत बीपीचा वरचा आकडा २० ने किंवा खालचा १० ने उतरला, तर डॉक्टर ते गंभीरपणे घेतात. आपण बीपी नेहमी खुर्चीत बसून मोजतो, त्यात हे दिसतच नाही. बाबा, एवढं काम तुमचं. आईला पाच मिनिटं आडवं राहू द्या, मग मोजा. उभी राहिल्यावर एका मिनिटाने आणि तीन मिनिटांनी पुन्हा मोजा. ती उभी असताना शेजारी थांबा. मग तुमचंही तसंच.

हे आकडे लिहिलेला कागद आणि दोघांच्या सगळ्या गोळ्या एका पिशवीत घालून डॉक्टरांकडे जा. सगळ्या म्हणजे सर्दीची, झोपेची आणि कुणीतरी सुचवली म्हणून सुरू केलेलीसुद्धा. झोपेच्या गोळीची गुंगी पहाटेपर्यंत रेंगाळते, सर्दीच्या काही गोळ्यांनीही सुस्ती येते. लघवी होण्याची गोळी संध्याकाळी घेतली तर रात्री उठणं आलंच. ती सकाळी चालेल का, एवढं विचारा. मनाने मात्र कुठलीही बंद करू नका. (बाबा, हे तुमच्यासाठी.)

तोपर्यंत रात्री पलंगाच्या कडेला बसून पावलं वरखाली हलवायची, मग उठायचं. आणि दिवा लावायचा! साठीतल्या डोळ्याच्या पडद्यापर्यंत विशीतल्याच्या साधारण एक तृतीयांशच उजेड पोचतो. 'घर पाठ आहे' म्हणता, पण घरातल्या वस्तू जागा बदलतात. चार्जरची वायर काल तिथे नव्हती. माणूस आलं की आपोआप लागणारे छोटे दिवे मी घेऊन येतेय, झोपमोड होणार नाही.

बाबा, आता तुमची पाळी. कमोडवरून उठताना तुम्ही टॉवेलच्या दांडीला धरता. तिचा एक स्क्रू बाहेर आलेला मी पाहिलाय. ती दांडी टॉवेल पेलायला असते, माणूस नव्हे. भिंतीत पक्की बसवायची आधाराची दांडी वेगळी मिळते. दाबून चिकटवायची नको, ती नेमकी भार पडल्यावर सुटते. आणि आतून कडी लावू नका. दार आत उघडणारं आहे. आत कुणी पडलं तर तेच दाराला अडतं. मी दार बाहेर उघडेल असं करून घेणार आहे, तुम्ही कितीही 'कशाला' म्हणालात तरी. जिना उतरताना दुहेरी चष्म्याच्या खालच्या भागातून पायऱ्या धूसर दिसतात. मान खाली घालून वरच्या काचेतून बघा, नाहीतर लांबचा साधा चष्मा करून घेऊ. माळ्यावरचं काढायला स्टूलवर चढणं बंद. यावर चर्चा नाही.

आई, पडल्यापासून तू फिरायला जात नाहीस, असंही कळलं. भीती वाटणारच. पण बसून राहिलं की मांड्यांतली ताकद जाते, आणि तोल सावरायला तीच लागते. २०१९ मध्ये शंभराहून जास्त चाचण्यांचा एक आढावा निघाला. तोलाच्या आणि उठ-बशीसारख्या रोजच्या हालचालींच्या व्यायामाने पडण्याचं प्रमाण जवळजवळ पाव कमी झालेलं त्यात दिसलं. सुरुवात म्हणून भिंतीला टेकवलेल्या खुर्चीतून, जमेल तसं हातांचा आधार न घेता, सावकाश पाच वेळा उठ-बस. मग ओट्याला धरून टाचा उचलणं. बाबांनी मोजायचं, सूचना द्यायच्या नाहीत.

आणि पुन्हा पडलात तर लगेच उठायची घाई नको. कुठे दुखतंय ते बघा. खुब्यात किंवा मानेत कळ असेल तर हलू नका, हाक मारा, फोन करा. बरं वाटत असेल तर कुशीवर वळून, रांगत खुर्चीपर्यंत जाऊन तिला धरून उठा. बाबांची रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे, त्यामुळे त्यांच्या डोक्याला लागलं तर टेंगूळ नसलं तरी त्याच दिवशी डॉक्टर. आतला रक्तस्राव कधीकधी उशिरा कळतो.

आणि मला सांगा. पासष्टीच्या पुढे साधारण दर तिघांतला एक जण वर्षात एकदा तरी पडतो. यात लाजण्यासारखं काय आहे? पडलात हे कळल्यावर मला जेवढं लागलं नाही, तेवढं त्या कपाटाने लागलं.

शनिवारी ड्रिल घेऊन येते.

तुमची,
लेक

ता. क. बाबा, घरात घालायच्या चपलांचा फोटो पाठवा. वरून नको, तळाचा.