तंबोरा इथेच राहू दे

पंचवटी, नाशिक

ती. आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

आई, परवा फोनवर तू म्हणालीस, "तो तंबोरा एखाद्या शिकणाऱ्या मुलीला देऊन टाक, नुसता कोपऱ्यात धूळ खातोय." मी तेव्हा "बघू" म्हणालो, कारण तुमच्याकडे मुलांचा दंगा चालला होता आणि मला जे सांगायचं होतं ते दोन वाक्यांत मावणारं नव्हतं. म्हणून सवडीने लिहितोय. तंबोरा मी कुणालाही देणार नाही. मला तो लागतो. गिटार शिकायला तंबोरा कशाला, असं बाबा विचारतीलच. त्याचंच उत्तर देतो.

कॉलेज रोडला शनिवारी क्लासला जातो ते तुम्हाला माहीत आहे. आमचे सर तासाची सुरुवात हातापासून करतात, मग थोडं शास्त्र सांगतात आणि शेवटी कानाकडे वळतात. शिकायला येणाऱ्या बहुतेकांना एखादं गाणं वाजवायची घाई असते आणि पहिले दोन भाग कसेबसे सोसले तरी तिसऱ्याला कंटाळतात. मला मात्र तिसऱ्याचीच ओढ जास्त.

हाताचं फार लिहीत नाही, ते करूनच कळतं. अंगठा गिटारच्या गळ्याच्या मागे, बोटाचं टोक फ्रेटच्या, म्हणजे गळ्यावरच्या आडव्या धातूच्या पट्टीच्या, अगदी अलीकडे. तिथे दाबलं की जोर कमी लागतो आणि तार झणझणत नाही. चार बोटं चार फ्रेटवर, सहाही तारांवरून खाली-वर, लयीचे ठोके देणारा मेट्रोनोम मिनिटाला ६० वर, एका ठोक्याला एक स्वर. आई, हे तुझे पलटेच आहेत, तेच स्वर उलटसुलट क्रमाने घोटायचे. आणि तुझाच नियम इथेही चालतो, स्वच्छ आल्याशिवाय लय वाढवायची नाही. बोटांची टोकं आता घट्ट झाली आहेत, दुखणं थांबलंय, तेव्हा हळद-तेल लावायची आठवण करू नकोस. एफचा बार कॉर्ड सुरुवातीला सगळ्यांनाच जड जातो, कारण तर्जनीने सहाही तारा एकदम दाबायच्या असतात. सरांनी सांगितलं, बोटाने चिमटा काढू नका, कोपर किंचित मागे ओढा, हाताचं वजन काम करेल. तेव्हापासून तो सुटा, स्वच्छ वाजतो.

बाबा, तुम्ही मागे विचारलं होतं, की या गिटारच्या पट्ट्या वरती लांब लांब आणि खाली दाटीवाटीने का असतात, एकसारख्या अंतरावर का नाहीत. तुमच्या खणातला व्हर्निअर आणि स्टीलची पट्टी घेऊन बसलो आणि मोजलं. ओझरच्या विमान कारखान्यात एवढी वर्षं काढलेल्या माणसाला आकडेच सांगितले पाहिजेत. वरच्या नटपासून (जिथून तार सुटते ती खाचांची पट्टी) बाराव्या फ्रेटपर्यंत ३२४ मिलिमीटर. त्याची दुप्पट म्हणजे तारेची लांबी, ६४८. बाराव्या फ्रेटवर तार बरोबर अर्धी होते आणि सूर बरोबर वरच्या सप्तकात जातो. पहिला फ्रेट ३६.४ वर, दुसरा त्याच्यापुढे ३४.३ वर, आणि अकरावा ते बारावा हे अंतर फक्त १९.३. यामागचं गणित असं, की उरलेल्या तारेला दरवेळी १७.८१७ ने भागायचं आणि येईल तिथे पट्टी ठोकायची. बारा वेळा भागलं की अर्धं उरतं. सोळाव्या शतकात इटलीत व्हिन्सेन्झो गॅलिली यांनी १८ ने भागायचा सोपा नियम सांगितला होता. हे दुर्बीणवाल्या गॅलिलिओचे वडील, वादक आणि संगीताचे अभ्यासक. वडील तारा मोजत होते, मुलगा ग्रह, हे वाचलं तेव्हा तुमचीच आठवण झाली.

आता आई, तुझ्याकडे येतो. गिटारच्या सहा मोकळ्या तारा पेटीच्या भाषेत सांगायच्या तर जाडीकडून बारकीकडे पांढरी तीन, पांढरी सहा, पांढरी दोन, पांढरी पाच, पांढरी सात आणि पुन्हा पांढरी तीन. पाश्चात्त्य संगीतात ज्याला मेजर स्केल म्हणतात तो आपला बिलावल थाट, सगळे शुद्ध स्वर. कॉर्ड म्हणजे तीन स्वर एकदम. सा-ग-प हा पहिला. म-ध-सां हा दुसरा, प-नी-रें हा तिसरा. या तिन्हींत मिळून सातही शुद्ध स्वर येऊन जातात, म्हणून तेवढ्यावर कितीतरी साध्या चालींची साथ होते. मंडळातली तुमची निम्मी भजनं मी या तीनच आकारांवर वाजवून पाहिली. तू आता काळी चार घेतेस ना, तर कॅपो, म्हणजे सगळ्या तारा एकदम दाबणारा चिमटा, पहिल्या फ्रेटवर लावायचा, हात जी कॉर्डच्या आकारात, की तुझा सा तयार.

पण सगळीकडे हे तिन्ही चालत नाहीत, आणि ही गोष्ट मला कोणत्याही पुस्तकाने सांगितली नाही, कानानेच थांबवलं. भूप राग गुणगुणत होतो आणि सवयीने मध्यमावरचा कॉर्ड वाजवला. स्वर म्हणून काहीच चुकीचा नव्हता, पण भूप तिथेच संपला. भूपात मध्यम नाही, निषाद नाही. मग बसून मांडून पाहिलं, की सा रे ग प ध एवढ्यातून असे तीन स्वरांचे किती कॉर्ड निघतात. दोनच. सा-ग-प आणि ध-सां-गं. बस्स. त्या दोघांवर भूप जगतो. माझं मत असं झालंय, की रागाखाली कॉर्ड घालायचेच असतील तर रागाला विचारून घालावेत, नाहीतर नुसता सा-प छेडत राहावं. सर म्हणतात हा विचार फार कर्मठ आहे. मला तो पटतो.

कानाच्या भागात सर पाठमोरे बसून दोन स्वर वाजवतात, अंतर आम्ही सांगायचं. लोक त्यासाठी एकेक गाणं लक्षात ठेवतात, अमुक गाण्याची सुरुवात म्हणजे अमुक अंतर. मला त्याची गरज पडत नाही. सा-प ऐकला की सा-प कळतो, सा-म ऐकला की सा-म. कोमल गंधार आणि शुद्ध गंधार यांत गल्लत होत नाही. हे कुठून आलं? तू सकाळी स्वयंपाकघराच्या दारात तंबोरा मांडीवर घेऊन गांधर्वच्या 'मध्यमा' परीक्षेची तयारी करायचीस आणि मी शेजारी पाढे लिहायचो, तिथून आलं. ती परीक्षा ज्यांच्या परंपरेतून आली ते विष्णु दिगंबर पलुस्कर, लाहोरला १९०१ मध्ये गांधर्व महाविद्यालय काढणारे, उतारवयात आपल्याच पंचवटीत आश्रम काढून राहिले होते. तू हे मला सांगितलं होतंस, मी तेव्हा नीट ऐकलं नव्हतं एवढंच. आता त्या बाजूने जाताना आठवतं.

आता मुख्य मुद्दा. गिटार जुळवायला ट्यूनर मिळतो, गळ्याला चिमट्यासारखा लागतो, काटा मध्यभागी आला की दिवा हिरवा. मोबाइलवर तंबोऱ्याचं अ‍ॅपही मिळतं, पट्टी निवडली की अखंड वाजत राहतं. दोन्ही कामाची आहेत, दोन्ही मी वापरतो. पण दोन्हींत कान रिकामाच राहतो. काटा बघायचा तो डोळ्यांनी आणि अ‍ॅप तर आधीच सुरात असतं. तंबोऱ्याचं तसं नाही. जोडीच्या दोन तारा एकमेकींना लावताना, अगदी जवळ आल्या की आवाज डुलायला लागतो. आधी भराभर, मग सावकाश, मग आणखी सावकाश. एका सेकंदात जितक्या कंपनांचा फरक, तितके हे हेलकावे. तारेतला मणी केसभर सरकवला की हेलकावा लांबतो आणि एका क्षणी थांबतो, दोन तारांची एकच तार होते. हे डोळ्यांना दिसत नाही. ऐकावंच लागतं. तंबोरा लावून उठलो आणि गिटार घेतली की त्या दिवशी काट्याशिवाय गिटार जुळते. म्हणून म्हणतो, माझ्यासाठी तंबोरा जुळवणं हाच कानाचा रियाज आहे.

आणि गंधार. तू नेहमी म्हणायचीस, पेटीचा गंधार चढा लागतो, तंबोऱ्यातून जो येतो तो खरा. मला वाटायचं ही गाणाऱ्यांची बोलायची पद्धत. ते शब्दशः खरं निघालं, आणि बाबा, ते मोजताही येतं. खर्जाची, म्हणजे सगळ्यांत खालच्या सा ची, तार नुसती एकसंध हलत नाही, ती त्याच वेळी दोन, तीन, चार, पाच भागांतही हलत असते. पाच भागांतून गंधार निघतो. गिटारवर हे उघडं करून पाहता येतं. तार दाबायची नाही, बोट नुसतं टेकवायचं, छेडायचं आणि लगेच उचलायचं. बाराव्या फ्रेटच्या वर टेकवलं की सप्तकावरचा सा घंटेसारखा येतो. सातव्यावर पंचम. आता तारेचा पाचवा भाग, म्हणजे ६४८ भागिले ५, १२९.६ मिलिमीटर. चौथा फ्रेट, गंधाराचा, आहे १३३.७ वर. बरोबर त्या पट्टीच्या वर बोट टेकवलं तर मुकं, दबकं काहीतरी वाजतं. बोट चार मिलिमीटर मागे घेतलं की गंधार लख्ख निघतो. चार मिलिमीटर, बाबा! पंचमाच्या पट्टीचा फरक जेमतेम अर्धा मिलिमीटर आहे, तो कुणाला कळायचा नाही. पण गंधार एवढा सरकलेला आहे. अर्ध्या स्वराचे शंभर भाग केले तर फ्रेटचा आणि पेटीचा गंधार तारेतून आपणहून निघणाऱ्या गंधारापेक्षा चौदा भागांनी चढा आहे. आकाशवाणीने १९४० पासून १९७१ पर्यंत पेटीला दूर ठेवलं होतं, त्यामागच्या आक्षेपांत हे ठरीव स्वरही होतेच.

मग फ्रेट योग्य जागी का ठोकत नाहीत, हा बाबांचा पुढचा प्रश्न असणार. मी करून पाहिलं. जीच्या कॉर्डमध्ये दुसरी तार गंधार असते. ती थोडी उतरवून खऱ्या गंधाराला लावली. काय गोड वाजला तो कॉर्ड! मग त्याच जुळणीत ई कॉर्ड वाजवला. तिथे हीच तार पंचम होते, आणि उतरलेला पंचम कुणालाच सहन होत नाही. एकाला खरं केलं की दुसरा कणसूर. कोणताही स्वर सा धरून वाजवता यावं म्हणून सगळ्यांनी थोडं थोडं सोसायचं, असा तो करार आहे. तो मला मान्य आहे, त्याशिवाय गिटार गिटार राहणार नाही. पण ज्याने खरा गंधार ऐकलाच नाही त्याला आपण काय सोसतोय हेही कळणार नाही. घरात तो ऐकवणारी एकच वस्तू आहे आणि तीच तू देऊन टाक म्हणतेस.

तेव्हा काही गोष्टी कळव. जवारी, म्हणजे तारांचा तो झणकार, गेली आहे, तारा लाकडासारख्या वाजतात. घोडीवर (तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी) तारांखाली सुती धागा सरकवून पाहिला, थोडा फरक पडला, पण घोडी घासूनच घ्यावी लागेल असं दिसतंय. तुम्ही मिरजेहून आणला तेव्हा ज्यांच्याकडून घेतला त्यांच्याकडेच न्यावा का, की इथे कुणाला दाखवू? घासणाऱ्याने जास्त घासली तर परत भरता येत नाही, म्हणून हात लावलेला नाही. खर्जाच्या पितळी तारेचा नंबर काय होता? पाकीट देव्हाऱ्याच्या खालच्या खणात असेल असं वाटलं होतं, तिथे सापडलं नाही. पावसाने खुंट्या फुगून घट्ट बसल्यात, पंचमाची तेवढी सुटते, तिला खडू लावलाय. ओल फार आहे सध्या. परवा गोदावरीच्या पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या कमरेला पाणी होतं, ते बघायला रामकुंडावर निम्मं गाव लोटलं होतं.

तू म्हणशील, आता मला खाली बसवत नाही, आवाजही राहिला नाही. तू गाऊ नकोस, बसूही नकोस. रविवारी सकाळी आठला मी फोन लावतो, तू खुर्चीत बस आणि ऐक. मी तार लावत जातो, तू नुसतं 'चढा' किंवा 'उतरा' म्हण. फक्त बाबा, तिला इअरफोन लावून द्या, फोनच्या स्पीकरमध्ये खर्ज येतच नाही. तुमच्या टेबलावर पांढरे ठेवलेत ते चालतील. आणि धाकट्याला सांगा, तेवढा अर्धा तास पोरांना खाली खेळायला पाठव.

तुमचा,
दादा