पास्कल, बिडाचा तवा बाहेर काढ

एम्स, आयोवा
12 ऑक्टोबर

प्रिय पास्कल,

परवा फोनवर तू बोलता बोलता गप्प झालास, तेव्हा मला वाटलं रेंज गेली. मग म्हणालास, "आई गेल्यापासून घरात पोर्क शिजलंच नाही रे. इंदयालचा, त्या तिच्या आंबट-तिखट पोर्कचा, मसाला काढला की हातच चालत नाही. तू तिकडे चॉप करतोस ना, ते सांग. तिच्या हातचं नव्हतं असं काहीतरी सांग." मला तेव्हा धड काही सांगता आलं नाही, म्हणून आज बसून लिहितोय. लांबेल. सावकाश वाच.

मावशींच्या, तुझ्या आईच्या, हातचं मी पहिल्यांदा खाल्लं तो नाताळ आठवतो? आठवीत होतो आपण. आमच्याकडे मटण म्हणजे बकऱ्याचं, तेही रविवारीच. मावशींनी ताटलीत फुगे, ते तळलेले गोल पाव, वाढले, बाजूला इंदयाल घातलं आणि विचारलं, "घरी सांगून आलास ना रे बाळा?" मी मान हलवली. खोटी हलवली होती, हे त्यांना नंतर कधीतरी सांगायचं होतं, ते राहून गेलं. चव मात्र अजून जिभेवर आहे: आधी शिरक्याचा आंबटपणा, त्यामागून मिरची, आणि सगळ्यात शेवटी चरबीचा गोडवा. त्या तीन पायऱ्या मी इथे येऊन पुन्हा शोधल्या. म्हणून तू "तिच्या हातचं नव्हतं असं" म्हणालास तरी मी सांगतोय ते तिच्यापासून फार लांबचं नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

इथे आलो तेव्हा पोर्क स्वस्त होतं आणि सगळीकडे होतं. या राज्यात माणसं 32 लाखांच्या आसपास आणि डुकरं 2 कोटींहून जास्त. चांगला सव्वा-दीड इंच जाड, हाडासकट कापलेला तुकडा, त्याला इथे 'आयोवा चॉप' असंच नाव आहे. पहिल्यांदा चार चॉप आणले आणि आपल्याकडे जसं मनात बसलंय तसं, कच्चं राहायला नको म्हणून पंचवीस मिनिटं तव्यावर ठेवले. चामडं झालं. सुरीने कापताना ताटली सरकत होती. चौघे मित्र जेवायला होते, कोणी काही बोललं नाही, पण तीन ताटल्यांत मांस तसंच उरलं.

मग कळलं की चूक नुसती माझ्या घड्याळाची नव्हती. चॉप येतो पाठीच्या कण्यालगतच्या भागातून. तो स्नायू फारसा राबत नाही, त्यामुळे मऊ असतो, पण त्यात चरबीही कमी. इंदयालला मावशी घ्यायच्या तो पोटाकडचा, चरबीचे थर असलेला भाग. तो तासभर शिजला तरी सुकत नाही, उलट सुधारतो. चॉपचं उलटं आहे. त्यातून 1987 मध्ये इथल्या पोर्कवाल्यांनी 'दुसरं पांढरं मांस' अशी जाहिरात करून त्याला कोंबडीच्या पंगतीला बसवलं, आणि डुकरंही कमी चरबीची निपजवली जाऊ लागली. आधीच कोरडा भाग आणखी कोरडा झाला. वर जुनी भीती. म्हणून इथल्याही कितीतरी घरांत चॉप अजून चिवटच खातात.

भीती खोटी नव्हती, पास्कल. ट्रिकिनेला नावाची कृमी कच्च्या पोर्कमधून माणसात येते. पण ती 58 अंश सेल्सिअसच्या आसपास मरते. 2011 मध्ये अमेरिकेच्या कृषी खात्याने अखंड तुकड्यासाठी 71 अंशांची जुनी अट उतरवून 63 अंश केली, आणि वर तीन मिनिटं तसंच ठेवायचं. त्या आठ अंशांत सगळा फरक आहे. 63 ला आतला रंग किंचित गुलाबी राहतो आणि कापल्यावर रस सुटतो.

तुला मात्र मी थेट 63 सांगणार नाही. आपल्याकडे उघड्यावर फिरणाऱ्या डुकरांत पट्टकृमीच्या गाठी असू शकतात, आणि तो आजार माणसाच्या मेंदूपर्यंत जाऊ शकतो. ज्याचं फार्म तू स्वतः पाहिलंयस, ज्याची डुकरं बंदिस्त आहेत, त्याच्याकडूनच घे. मांसात साबुदाण्यासारखे पांढरे दाणे दिसले तर तिथल्या तिथे परत कर. जरा जरी शंका असेल तर 71 ला ने. थोडा कोरडा होईल, त्यासाठी सॉस आहेच. आणि अंदाजाने करू नकोस. माझी बहीण डिसेंबरात वसईला येतेय, तिच्याबरोबर टोचायचा थर्मामीटर पाठवतो. त्याच्याआधी करायला घेऊ नकोस, एवढं माझं ऐक.

खाटकाला आधी सांगावं लागेल, कारण त्याचा हात सवयीने बारीक तुकड्यांवर जातो. "बरगडीच्या हाडासकट, कण्यालगतचा, सव्वा इंचाचा काप, तोडू नकोस" असं सांग. कातडी काढायला लाव, खालची चरबी ठेवायला लाव. चार काप पुरेत.

आदल्या रात्री दोन्ही बाजूंनी मीठ चोळून, न झाकता, फ्रीजमध्ये सगळ्यात खाली जाळीवर ठेव. मिठाने आधी पाणी सुटतं, मग तेच खारं पाणी मांस परत पिऊन घेतं, आणि वरचा भाग सुकतो. सुकलेलाच भाग तव्यावर खरपूस होतो. ओला नुसता वाफेत शिजतो. सकाळी फडक्याने टिपून घे. चरबीच्या कडेला बोटभर अंतरावर चिरा पाड, नाहीतर तापल्यावर ती कड आकसते आणि अख्खा चॉप वाटीसारखा वाकतो.

आता तवा. मावशींचा पोळ्यांचा बिडाचा तवा तुझ्याकडे आहे ना? तोच घे. गंजला असेल तर मीठ आणि तेल लावून घास, धुऊन, तापवून पुन्हा तेलाचा हात फिरव. नॉनस्टिक नको, त्याला काही धरत नाही, आणि आपल्याला धरायलाच हवंय. तवा चांगला तापला की चमचाभर तेल घाल, आणि आधी चॉप चिमट्याने उभा धरून चरबीची कड तव्यावर टेकव. तीन-चार मिनिटं. चरबी वितळायला लागते आणि घरभर तो वास सुटतो. कदाचित त्या वासाला तू थांबशील. थांब, पण गॅस बारीक कर. मग एका बाजूने चार मिनिटं, दुसऱ्या बाजूने चार, आणि पुढे मंद आचेवर दर मिनिटाला उलटत राहा. थर्मामीटर कडेने आडवा, मधोमध टोचायचा, हाडाला लागू द्यायचा नाही. 63 हवं असेल तर 60 ला उतरव, 71 हवं असेल तर 68 ला. ताटलीत ठेवल्यावर उरलेले अंश तो स्वतःच चढतो. तरी पुन्हा एकदा टोचून बघ. पाच-सात मिनिटं हात लावू नकोस.

तेवढ्या वेळात सॉस. यासाठीच खरं तर मी पेन उचललं.

फळ कुठलं, यावर मी दोन वर्षं घालवली. शेजारच्या आजी चॉपबरोबर सफरचंदाचा गोड लगदा थंडच वाढतात. त्यांच्या आईकडून आलेली रीत. चांगला लागतो, पण मला त्यात आंबट कमी पडतं. तुझ्याकडे हातगाडीवरचं लाल डेलिशस सफरचंद तर वापरूच नकोस, शिजलं की बेचव गाळ होतो. त्याची गोष्ट मात्र तुला आवडेल. ते झाड मुळात इथलं, आयोवातलं, जेसी हायट नावाच्या शेतकऱ्याच्या बागेत आपोआप उगवलेलं. 1893 मध्ये मिसूरीतल्या स्टार्क ब्रदर्स नर्सरीच्या फळस्पर्धेत ते निवडलं गेलं, आणि पुढे 1916 च्या सुमारास सॅम्युअल स्टोक्स नावाच्या अमेरिकन माणसाने ते हिमाचलात कोटगढला नेऊन लावलं. आपण शाळेच्या डब्यात जे सफरचंद न्यायचो त्याचं मूळ माझ्या घरापासून मोटारीने दीडेक तासावर आहे, हे मला इथे येऊन कळलं.

मी वापरतो ते रानातले आलुबुखार. इथे ऑगस्टच्या शेवटी ओढ्याकाठच्या झुडपांवर पिकतात, गर गोड आणि साल तोंड वाकडं करणारी. पिशवीभर आणून फ्रीजरमध्ये ठेवतो. तुला सुक्या मेव्याच्या दुकानात आंबट सुके आलुबुखार मिळतील. दहा-बारा घे, कपभर गरम पाण्यात तासभर भिजव, बिया काढ, पाणी टाकू नकोस. दोन आमसुलं धुऊन ठेव. सुकेळी, म्हणजे आपली सुकवलेली केळी, घालायचा मोह तुला होणार, मला माहीत आहे. नको. नुसता गोडवा येतो, चरबीला उतारा मिळत नाही.

तव्यातली जास्तीची चरबी ओतून टाक, चमचाभर राहू दे. त्यात एक छोटा कांदा अगदी बारीक चिरून, अर्धा इंच आलं किसून, आठ-दहा मिरे ठेचून. कांदा मऊ झाला की दोन चमचे शिरका घाल आणि उलथन्याने तव्याला धरलेलं खरपूस सगळं खरवडून घे. सॉसचा जीव त्यातच आहे. मग आलुबुखार, त्यांचं पाणी, आमसुलं. आमसुलं तीन मिनिटांनी काढ, नाहीतर तुरट होईल. हरभऱ्याएवढा गूळ, त्याहून जास्त नको. जॅम करायचा नाहीये. चमच्याच्या पाठीवर बोट फिरवल्यावर रेघ राहिली की गॅस बंद. ताटलीत चॉपचा जो रस साठलाय तो यात ओतून एक उकळी दे, आणि खाली उतरवून गार लोण्याचा छोटा गोळा ढवळ. चकाकी येते. मीठ शेवटी चाख, मांस आधीच खारं आहे.

पहिल्यांदा आमसूल घातलं त्या रात्री मी ओट्याशी उभ्यानेच खाल्लं. आधी आंबट, मग मिऱ्याचा तिखटपणा, मग चरबी. तेच. पोर्तुगीज लोक मांस वाइन आणि लसणीत मुरवायचे, ती रीत गलबतांतून आली, आपल्याकडे वाइनच्या जागी ताडीचा शिरका आला आणि मिरची आली, तेच तुमचं इंदयाल. 1739 मध्ये चिमाजीअप्पांनी वसईचा किल्ला घेतला, फिरंगी गेले, तुमच्या चुलीवरचं मडकं मात्र राहिलं. युरोपात सफरचंदं उतरायची तेव्हाच डुकरं कापायची, म्हणून तिथे फळ. सगळीकडे माणसाला चरबीसमोर आंबट हवंच होतं, जवळ जे होतं ते त्याने घातलं. मावशींना यातलं काही कोणी सांगायची गरज नव्हती. शिरका कमी पडला की त्या मडक्यातला रस्सा चमच्याने हातावर घेऊन चाखायच्या आणि बाटली पुन्हा उघडायच्या.

बरोबर पाव घे, किंवा साधा भात. फुगे करणार असशील तर माझ्यासाठी एक बाजूला काढून ठेव आणि त्याचा फोटो पाठव.

नाताळच्या आधीचा एखादा रविवार धर. थर्मामीटर तोवर पोचलेला असेल. तव्यावर चढवायच्या आधी फोन कर. तुझे संध्याकाळचे सहा म्हणजे तेव्हा इथे सकाळचे साडेसहा असतील, मी उठून चहा घेऊन बसलेला असेन. फोन मांडणीवर उभा करून ठेव, बोललं नाहीस तरी चालेल. मला तवा दिसू दे.

तुझा,
विनायक