पाळकसाहेब, अर्ध्या शेकेलच्या हिशोबाबद्दल आभार

आदरणीय पाळकसाहेब,

प्रभू येशूच्या नावात सलाम.

मंदिराच्या छताचं काम पुरं झालं आणि वार्षिक सभेत हिशोब एकाही हरकतीशिवाय मंजूर झाला. आभाराच्या ठरावात मिस्त्रीपासून चहा देणाऱ्या मुलांपर्यंत सगळे होते. तुम्ही नव्हता, कारण काम अर्ध्यावर असतानाच तुम्ही निवृत्त होऊन गावी गेलात. ठरावाला जे जमलं नाही ते या उघड पत्रात लिहिते आहे.

खजिनदारकी म्हणजे कारकुनी, खरी सेवा प्रार्थनेची आणि उपदेशाची, असं आपल्या मंडळ्यांतून सर्रास धरून चालतात. मला ते पद मिळालं तेव्हा तुम्ही बायबलातल्या निर्गम पुस्तकाचा ३८वा अध्याय उघडायला लावलात. निवासमंडपाच्या, म्हणजे इस्राएल लोकांच्या रानातल्या तंबूवजा मंदिराच्या, सामानाचा हिशोब! हा अध्याय उपदेशाला घेतलेला मी कधी ऐकलेला नाही. लेव्यांनी, म्हणजे मंडपाची सेवा करणाऱ्या वंशानं, हिशोब ठेवला, अहरोन याजकाचा मुलगा इथामार याच्या देखरेखीखाली. किक्कार आणि शेकेल ही तेव्हाची वजनं. सोनं २९ किक्कार ७३० शेकेल. चांदी १०० किक्कार १,७७५ शेकेल. ‘कॅल्क्युलेटर काढा’ म्हणालात. शिरगणतीत ६,०३,५५० पुरुष, प्रत्येकी अर्धा शेकेल, म्हणजे ३,०१,७७५ शेकेल. ३,००० शेकेलचा एक किक्कार. भागून पाहिलं, तर बरोबर १०० किक्कार आणि वर १,७७५ शेकेल. पुढे खर्चही लिहिलेला: १०० किक्कारांच्या मंडपाखालच्या १०० बैठका, म्हणजे आधाराचे ठोकळे, उरलेल्या १,७७५ शेकेलांच्या खांबांच्या आकड्या वगैरे. शिल्लक शून्य. रानात सहा लाख पुरुष ही संख्या इतिहासाचे अभ्यासक मान्य करत नाहीत, हेही तुम्ही त्याच दमात सांगितलंत. पण ज्यांनी हे लिहून ठेवलं त्यांना पवित्र वस्तूंचा हिशोब शेवटच्या शेकेलापर्यंत जुळायला हवा होता, एवढं त्यातून नक्की दिसतं.

मग सहा अध्याय मागे नेलंत. सोन्याचं वासरू, मोशे डोंगरावर असताना लोकांनी पूजेला केलेलं. तिथंही लोकांनी कानांतली सोन्याची कुंडलं काढून दिली, तिथंही गोळा करणारा पुढारीच होता, मोशेचा भाऊ अहरोन, पण सोनं किती जमलं याचा एक आकडा नाही. मोशेनं जाब विचारल्यावर अहरोन काय म्हणतो? सोनं विस्तवात टाकलं, तर हे वासरू बाहेर आलं! असे खुलासे मी नंतर बऱ्याच बैठकांमध्ये ऐकले आहेत. आणि दोन्ही प्रसंगांच्या मधे ती ३६व्या अध्यायातली गंमत: कारागीर येऊन सांगतात की लोक गरजेपेक्षा जास्त आणताहेत, आणि मोशे छावणीत दवंडी पिटवून अर्पणं थांबवतो. छताचा निधी पुरा झाला त्या रविवारी तुम्ही पेटीवर ‘निधी पूर्ण’ अशी चिठ्ठी लावलीत, तेव्हा कमिटीतले दोघे-तिघे नाराज झाले होते. येतंय तर येऊ द्या, असं त्यांचं म्हणणं. मला मोशेची दवंडी आठवत होती.

सगळ्यांत जास्त उपयोगी पडला तो एज्रा, बाबेलातून यहूद्यांचा जथा घेऊन यरुशलेमेला निघालेला याजक. वाटेत लुटारूंचं भय असूनही त्यानं पर्शियाच्या राजाकडे शिपाई मागितले नाहीत. देव राखतो असं राजाला सांगून बसला होता, आता मागायची लाज वाटली. अहवा नदीकाठी उपास केला आणि निघाला. पण निघण्यापूर्वी बारा प्रमुख याजकांना चांदी-सोनं तोलून दिलं, नुसती चांदीच ६५० किक्कार, आणि यरुशलेमेत पोचल्यावर चौथ्या दिवशी ते सगळं पुन्हा तोललं, मोजलं, लिहिलं. तिथं दोन याजक आणि दोन लेवी हजर. स्वतःच्या जिवासाठी देवावर हवाला, लोकांच्या अर्पणासाठी मात्र तराजू. ‘एवढा विश्वास नाही का आमच्यावर’ असं मला सुनावणाऱ्यांना मी आता एज्राचा ८वा अध्याय दाखवते.

इस्राएलाचा न्यायाधीश आणि संदेष्टा शमुवेल, त्याच्यापाशी तुम्ही थांबलात ते वेगळ्याच कारणासाठी. म्हातारपणी तो सगळ्या इस्राएलापुढे उभा राहून विचारतो, मी कोणाचा बैल घेतला, कोणाचं गाढव घेतलं, कोणाच्या हातून लाच घेतली? कोणाचंच नाही, असं लोक म्हणतात. ते खरंही आहे. पण त्याच बोलण्यात ‘माझे मुलगेही तुमच्यात आहेत’ हे वाक्य येतं आणि शमुवेल पुढे सरकतो. हे मुलगे, योएल आणि अबीया, बैर-शेब्यात लाच खात होते. लहानपणी एली याजकाला त्याच्या मुलांबद्दलचा देवाचा निकाल सांगण्याची पाळी ज्या पोरावर आली, त्याच्याच घरात पुन्हा तेच! एलीच्या मुलांचा, हफनी आणि फिनहासाचा, अर्पणाचं मांस ओढून घेण्याचा तो तीन दातांचा काटा आम्ही शब्बाथ शाळेत चित्रात रंगवला होता, पण या दोन घरांची सांगड कोणी घालून दिली नव्हती. लिहिणाऱ्यांनी शमुवेलासारख्यालाही झाकलं नाही, हे तुम्ही दोनदा सांगितलंत.

पत्र्यांसाठी तुमच्या भाच्याचं कोटेशन आलं, तेव्हा तुम्ही बैठकीतून उठून व्हरांड्यात जाऊन बसलात. काम दुसऱ्याला गेलं, भाच्याचा दर कमी असूनही. तेवढे पैसे वाचले असते, असं खजिनदार म्हणून मला आजही वाटतं. पण त्या छताबद्दल गावात एकही वाकडा शब्द निघाला नाही.

पेटीची पद्धतही तुमचीच. खरं तर यहोयादा याजकाची, दुसऱ्या राजे पुस्तकाच्या १२व्या अध्यायातली. योवाश राजाच्या २३व्या वर्षापर्यंत याजकांनी यरुशलेमेच्या मंदिराची डागडुजी केलीच नव्हती, तेव्हा यहोयादानं पेटीच्या झाकणाला भोक पाडून ती वेदीजवळ ठेवली. पैसे मोजायला राजाचा चिटणीस आणि मुख्य याजक, दोघं मिळून. आपल्याकडेही आता एकट्यानं पेटी उघडायची नाही असा ठराव आहे. त्याच अध्यायातल्या एका ओळीवर मात्र मी अजून तुमच्याशी सहमत नाही. मुकादम विश्वासानं वागत म्हणून त्यांच्याकडे हिशोब मागत नसत, असं तिथं आहे, आणि तुम्हाला ती ओळ फार आवडते. मी मिस्त्रीकडून खिळ्यांचीसुद्धा पावती घेतली. त्याला राग आला नाही, उलट दुसऱ्या दिवसापासून तो स्वतःच पावत्या आणू लागला.

उपकारस्तुतीच्या सणाला या. अर्पणाच्या वस्तूंच्या लिलावानंतर पैसे मोजायला दुसरा माणूस लागतोच.

आपली नम्र,
मंडळीची खजिनदार