तुझ्या हाताला आतून ओढणाऱ्यांविषयी

प्रिय सुहास,

टाके निघाले हे वाचून हायसं वाटलं. पण पुढे तू लिहिलंस, "जखम मिटली, तरी ती जागा कुणीतरी आतून ओढून धरल्यासारखी वाटते," तिथे मी थांबले. अरे, ओढणारं खरंच कुणीतरी आहे. गेली चार वर्षं मी त्यांच्याच संगतीत आहे.

त्यांचं नाव फायब्रोब्लास्ट. एरवी त्वचेच्या आतल्या थरात या पेशी निवांत असतात. क्वचित विभागतात, जरुरीपुरतं कोलॅजेन, म्हणजे त्वचेला बळ देणारं धाग्यांसारखं प्रथिन, विणतात. जखम झाल्याचं त्यांना कळतं कसं? रक्त साकळल्यावर जो द्रव सुटतो, ते सिरम. धडधाकट त्वचेत त्यांची त्याच्याशी कधी गाठच पडत नाही. रक्तवाहिनी फुटली तरच पडते. १९९९ साली विश्वनाथ अय्यर, पॅट्रिक ब्राउन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माणसाच्या फायब्रोब्लास्टना प्रयोगशाळेतल्या बशीत दोन दिवस सिरमसाठी उपाशी ठेवलं, मग ते दिलं आणि सुमारे ८,६०० जनुकांवर एकदम नजर ठेवली. पंधरा मिनिटांत पहिली जनुकं जागी झाली. मग विभाजनाची झालीच, पण रक्त साकळण्याशी, दाहाशी, नव्या रक्तवाहिन्यांशी नातं असलेलीही झाली. बशीत जखम नव्हती, सुहास. नुसत्या सिरमच्या स्पर्शाने त्या पेशी जखमेवर धावून आल्यासारख्या वागल्या! हे पहिल्यांदा वाचलं त्या रात्री मला झोप लागली नव्हती.

माझ्या प्रयोगाच्या बशीत मी पिपेटच्या, म्हणजे थेंब मोजायच्या नळीच्या, टोकाने पेशींच्या थरावर सरळ रेघ ओढते. काही तासांत काठावरच्या पेशी मोकळ्या जागेकडे पातळ पदर पसरतात, पुढचं टोक चिकटवतात, मागचं सोडवून घेतात. साधारण दिवसभरात रेघ बुजते.

तुझ्या हातात याहून पुढचं घडतंय. रक्त साकळवणाऱ्या प्लेटलेट आणि जखम साफ करणाऱ्या मॅक्रोफेज पेशींकडून टीजीएफ-बीटा या प्रथिनाचा निरोप येतो, भोवतालचा ताणही वाढतो, आणि काही फायब्रोब्लास्ट चक्क स्नायूंचं एक प्रथिन बनवू लागतात: अल्फा स्मूथ मसल ॲक्टिन. त्याच्या जाड दोऱ्या पेशीभर तयार होतात. अशा पेशींना मायोफायब्रोब्लास्ट म्हणतात. गाबियानी आणि सहकाऱ्यांनी १९७१ मध्ये त्यांचं वर्णन केलं. भोवतालच्या कोलॅजेनच्या जाळ्याला धरून त्या जखमेचे काठ जवळ खेचतात. तुला जाणवते ती ओढ बरीचशी हीच. घाईत विणलेलं तिसऱ्या प्रकारचं कोलॅजेन हळूहळू मागे पडतं, पहिल्या प्रकारचं दणकट कोलॅजेन वाढतं.

काम झालं की यातल्या बऱ्याच पेशी स्वतःहून मरतात. मला हा भाग सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण त्या मागे राहिल्या तर व्रण जाड, टणक होतो. आणि त्यांना टिकवून ठेवणाऱ्या गोष्टींपैकी एक म्हणजे ताण. जितकं खेचलं जाईल तितक्या त्या आणखी जोर लावतात.

म्हणून हात जोडून सांगते, जड उचलणं इतक्यात सुरू करू नकोस. तीन आठवड्यांच्या जखमेत मूळ त्वचेच्या साधारण पाचव्या हिश्श्याइतकीच ताकद आलेली असते. पुढे काही महिन्यांत ती फार तर ८० टक्क्यांपर्यंत जाते. हात कधीपासून पूर्ण वापरायचा ते डॉक्टरांना विचार, आणि व्रणाचा रंग कसा बदलतोय ते पुढच्या पत्रात नीट लिही. लाल आहे की फिकटतोय?

तुझीच,
वृंदा