वॉकर म्हणजे चालणारा नव्हे

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीत इंग्रजांच्या आडनावांवरचा लेख आला तो मी दोनदा वाचला, विषय छानच निवडलाय, पण त्यात वॉकर आडनावाचा अर्थ ‘पायी फिरून निरोप पोचवणारा’ असा दिलाय तो चुकीचा आहे. मी आयुष्यभर लोकरीच्या कापडाच्या फिनिशिंग खात्यात काम केलं, त्यामुळे हे वाचून गप्प बसवेना.

वॉकर पाय चालवायचा हे खरं, पण रस्त्यावर नाही, कापडावर, आणि तेही जागच्या जागी. मागावरून नुकतं उतरलेलं लोकरीचं कापड कधी हातात घेतलंत तर लगेच समजेल. उजेडासमोर धरलं की आरपार दिसतं, बोटाने जरा ढकललं की धागे सरकतात, वर लोकरीचा तेलकटपणा असतो तो वेगळाच. मध्ययुगातल्या इंग्लंडमध्ये असं कापड मोठ्या डोणीत टाकायचे, त्यात पाणी, एक विशिष्ट माती आणि शिळी लघवी, हो लघवीच, कारण तिच्यातल्या अमोनियाने तेल सुटतं, आणि मग माणसं अनवाणी आत उतरून तासन्‌तास ते तुडवत राहायची. लोकरीच्या तंतूवर बारीक खवले असतात, ओल्यात तुडवलं की ते एकमेकांत अडकून बसतात, कापड आटतं आणि एवढं दाट होतं की आतून वारा जात नाही. आम्ही हेच मशीनवर करायचो, मिलिंग म्हणायचो त्याला, आणि आत गेलेला ताका बाहेर येताना अरुंद आणि जाड होऊन यायचा ते बघायला मला शेवटच्या दिवसापर्यंत आवडायचं.

आता गंमत अशी की या एकाच कामाला इंग्लंडमध्ये तीन नावं होती आणि त्या तिन्हींची आडनावं झाली. उत्तरेला यॉर्कशर, लँकेशरकडे वॉकर, आग्नेयेला ससेक्स, केंटकडे आणि वर सफोककडे फुलर, नैऋत्येला डेव्हन, सॉमरसेटकडे टकर. म्हणजे नुसत्या आडनावावरून पूर्वज मूळचे कुठल्या बाजूचे याचा अंदाज बांधता येतो, 1881 च्या जनगणनेतसुद्धा ही विभागणी बऱ्यापैकी तशीच दिसते. लेखात नेमकी हीच गोष्ट नाही याचं मला सगळ्यात वाईट वाटलं. फुलर आलं लॅटिनमधल्या फुलो या शब्दावरून, आणि आपण जिला मुलतानी माती म्हणतो तिला इंग्रजीत फुलर्स अर्थ म्हणतात ते याच फुलरमुळे, डोणीत टाकायचे ती हीच माती. लोकरीचा धंदा जपायला ही माती देशाबाहेर न्यायलाही इंग्लंडमध्ये एके काळी बंदी होती! टकरचं मूळ ज्या जुन्या क्रियापदात आहे त्याचा अर्थ छळणं, पिडणं, कापडाचे काय हाल करत असतील बघा. एक्सेटर शहरात विणकर आणि टकर लोकांच्या संघाने 1471 मध्ये बांधलेला टकर्स हॉल अजून उभा आहे.

आणि वॉकरचं म्हणाल तर जुन्या इंग्रजीतल्या ज्या क्रियापदावरून ते आलं त्याचा अर्थ लोळवणं, घोळवणं असा होता, पायी चालणं हा अर्थ त्याला मागाहून चिकटला. जर्मन भाषेत वाल्कन म्हणजे आजही लोकर दाबून तुडवून दाट करणं, चालणं नाही.

लेखात सगळे वॉकर एकाच घराण्यातले असल्यासारखं लिहिलंय तेही बरोबर नाही. जिथे जिथे लोकरीचं कापड विणलं जायचं तिथे तुडवणाराही असायचाच, त्यामुळे हे नाव शेकडो ठिकाणी स्वतंत्रपणे पडलं. सुरुवातीला तर ते धंद्यापुरतंच होतं, बाप वॉकर आणि मुलगा सुतारकाम करतो म्हणून कारपेंटर असं चालायचं, चौदाव्या शतकाच्या आसपास बहुतेक ठिकाणी ते बापाकडून मुलाकडे जाऊ लागलं. तोपर्यंत पायांऐवजी कापड कुटणारे, पाणचक्कीवर चालणारे लाकडी हातोडे येऊन दोनेकशे वर्षं झाली होती, म्हणजे ज्यांनी डोणीत कधी पाय घातला नाही अशांनाही हे नाव मिळालं.

आणि सोबत छापलेलं ते ‘वॉकर घराण्याचं मानचिन्ह’, म्हणजे ढालीवर काढतात ते कुलचिन्ह, असलं काही आडनावाला मिळत नाही हो. इंग्लंडमध्ये मानचिन्ह एका माणसाला आणि त्याच्या वंशजांना दिलं जातं, 1484 पासून कॉलेज ऑफ आर्म्स हे काम बघतं.

पुढच्या रविवारी एवढी दुरुस्ती छापाच, आणि जमलं तर फुलर, टकर आणि वॉकर तिघांना एकाच चौकटीत घ्या.

आपला,
एक नियमित वाचक