सट्ट्याचा भाव हा कौल नव्हे

विधानसभा निवडणुकीच्या निकालावर लागलेल्या सट्ट्याचे भाव देणारी ‘सट्टाबाजाराचा कौल’ या शीर्षकाची बातमी आपल्या अंकात वाचली आणि त्यातील ‘कौल’ या शब्दाला हरकत घेणे आवश्यक वाटले. कौल मतदार देतात. सट्ट्यातील भाव मात्र पैसे लावणाऱ्यांवरून ठरतो, आणि पैसे लावणारा त्या राज्याचा मतदार असावा लागत नाही. सर्वेक्षण करणाऱ्याला किती जणांशी बोललात, नमुना कसा निवडला, हे निदान विचारता येते. सट्ट्यात एखाद्याने मोठी रक्कम लावली तरी भाव हलतो आणि वाचकाला तो वारा बदलल्यासारखा वाटतो.

अमेरिकेत नोव्हेंबर २०२२ मध्ये सिनेटच्या निवडणुकीआधी ऑनलाइन भाकीत-बाजारांत (निकालावर पैसे लावण्याच्या संकेतस्थळांवर) रिपब्लिकन पक्षाचे पारडे जड होते. प्रत्यक्षात डेमोक्रॅटिक पक्षाने बहुमत राखले. तेथील आकडे निदान सर्वांना दिसत होते. आपल्याकडे हा व्यवहार मुळातच बेकायदा आणि लपून चालणारा, तेव्हा त्यातील आकडे बातमीदाराने पडताळायचे तरी कसे?

लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२६अ नुसार मतदानोत्तर चाचण्यांच्या प्रसिद्धीवर ठरावीक काळ बंदी असते. त्या काळात ज्योतिषी आणि टॅरो वाचणाऱ्यांची भाकितेही देऊ नयेत, असे निवडणूक आयोगाने २०१७ मध्ये माध्यमांना कळवले होते. सट्ट्याच्या भावांनाही आपल्या दैनिकाने हाच नियम स्वतःहून लावावा, ही विनंती.

– एक वाचक, सातारा